कुठे तुटलं

इद्रीसभाईंना आता सवय झालीय.
सकाळी सहाला मोमिनपुऱ्यात मी डबा पुढे करते,
ते बकऱ्याच्या पोटाचा पडदा बर्फात गुंडाळून देतात.
पहिल्यांदा विचारलं होतं, मॅडम, याचं बनवता काय?
शिवते, म्हटलं. आणि मग फाडते.
तेव्हापासून भाव कमी लावतात,
बहुधा कीव येऊन.

प्रयोगशाळेत कूलर धडधडतो. बाहेर पंचेचाळीस.
नमुना सुकू नये म्हणून मिठाच्या पाण्यात.
यंत्राला दोन जबडे. खालचा हलत नाही,
वरचा वर जातो, इतका संथ
की चहा संपतो आणि धागा अजून विचारच करत असतो.
मग टच्.
मी तक्ता भरते: किती न्यूटन. किती लांबला.
कुठे तुटलं?
मध्ये, गाठीपाशी, की जबड्यापाशी.

बहुतेक गाठीपाशीच.
जबड्यापाशी तुटलेला मात्र हिशेबात धरायचा नाही,
तो दोष धाग्याचा नसतो, आपल्या पकडीचा असतो.
घरी हे सांगितलं
तर बाबा जेवताना दोनदा हसले.

बाबांना मेडिकलला नेलं तेव्हा
गोळीबार चौकातला माग विकून नऊ वर्षं झाली होती.
बेंबीच्या वर लिंबाएवढं काहीतरी
उभं राहिलं की बाहेर, आडवं झालं की आत.
"लपंडाव खेळते थो," म्हणायचे,
आणि धोतराची गाठ थोडी वर बांधायचे.

आदल्या रात्री मी जाळीचा तुकडा दाखवला.
चष्मा न लावता त्यांनी तो अंगठ्यानं वाचला.
"हे विनलं नाई. ताना नाई, बाना नाई.
फाश्यात फासा हाय."
एका अंगानं ओढलं, मग दुसऱ्या.
"इकडून ताणते. तिकडून नाई ताणत.
डॉक्टरले मालूम हाय नं, कोनती बाजू कुठं?"

माझं तीन महिन्यांचं काम
त्यांनी खाटेवर बसून
दीड मिनिटात केलं.

मी म्हटलं, घाबरू नका.
जोराचा खोकला आला तरी सेंटीमीटरमागे सोळा न्यूटन धरतात,
जाळी त्याच्या कितीतरी पलीकडे.
"जाळीचं नाई इचारत मी," ते म्हणाले,
"ज्याले टाचनार, त्या कापडाचं सांग.
सत्तर सालाचं हाय थे."

काय सांगणार?
रोज बघते. टाका काठाच्या फार जवळ घेतला
तर धागा शाबूत राहतो
आणि मांस सुटतं,
पनीरमधून तार जावी तसं.
फार आवळला तरी तेच.
जाळी नुसती जागा अडवून बसते,
तिच्या भोकाभोकांतून शरीर आपले तंतू सोडतं
आणि काही महिन्यांनी कोण कुणाला धरून आहे
हे माझं यंत्रही वेगळं करू शकत नाही.
तरी भरलेली जागा मूळच्याइतकी होत नाही.
थोडी कमीच.
हे मी सांगितलं. लपवून काय करणार त्यांच्यापासून?

"रफू म्हन नं मंग," ते म्हणाले.
"माह्या बापानं रफूचं धोतर अकरा साल नेसलं."
आणि कूस बदलून झोपले.
मीच जागी.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात उभे राहिले.
मी दंड धरला.
शेजारच्या खाटेवरच्या धकातेकाकू म्हणाल्या,
त्यांचा नवरा चौथ्या दिवशीही उठला नव्हता.
एक पाऊल. दुसरं. फिनेलचा वास.
खिडकीपाशी पोचतो न पोचतो तोच खोकला.

त्यांनी पोटावर तळवा दाबला.
माझ्या डोक्यात आलेख वर, आणखी वर.
डोळे मिटून मी टच् ची वाट पाहिली.

खोकला गेला.
बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.
दंडावर माझ्या बोटांचे
चार पांढरे ठसे.

"सोड आता," बाबा म्हणाले,
"जबड्यापाशी तुटन."